यंत्राचा नित्यनेम

घरच्या संकेतस्थळाविषयीं या सदरांत आम्ही लिहूं लागल्यापासून वाचकांचीं जीं पत्रें येतात, त्यांतील बरींच एकाच प्रश्नाभोवतीं फिरतात. संकेतस्थळ उभें राहिलें, कुलवृत्तांत त्यावर चढला, वाढदिवसांचीं व पुण्यतिथींचीं स्मरणपत्रें पाठविण्याची सोयहि एखाद्या भाच्यानें करून दिली. परंतु हें सर्व रोजच्या रोज, ठरल्या वेळीं, करावयाचें कोणीं? ज्या मुलास हें कळतें तो बंगळुरास किंवा त्याहूनहि दूर. सुनेस येतें, पण सकाळच्या प्रहरीं तिच्यामागें आधींच सतरा कामें. या अडचणीवरचा उपाय बहुतेकांच्या होस्टिंगच्या कंट्रोल पॅनेलांत आयताच ठेवलेला असतो, आणि त्यावर कोणीं कधीं बोट ठेवलेलें नसतें. त्याचें नांव क्रॉन जॉब. आज त्याचाच विचार करावयाचा आहे.

आपल्या धर्मशास्त्रानें कर्माचे नित्य, नैमित्तिक व काम्य असे जे भेद केले आहेत, ते येथें चांगले उपयोगी पडतात. पाहुणा आला म्हणून चहाचें आधण ठेवणें हें नैमित्तिक. पाहुणा येवो न येवो, तिन्हीसांजेस दिवा लावणें हें नित्य. संकेतस्थळाचें बहुतेक काम नैमित्तिक असतें. कोणी पान मागतो, सर्व्हर तें देतो, आणि पुन्हां वाट पाहत बसतो. नित्यकर्मासाठीं निराळा चाकर लागतो, तो हा क्रॉन. काल या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यास हें नांव पडलें. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत जन्मलेल्या युनिक्स प्रणालीची सातवी आवृत्ति १९७९ मध्यें निघाली, तींत हा चाकर होता. पुढें पॉल व्हिक्सी यांनीं १९८७ मध्यें तो नव्यानें लिहिला, आणि त्याचेच वंशज आज असंख्य सर्व्हरांवर राबत आहेत. दर मिनिटास तो जागा होतो, आपली यादी पाहतो, त्या मिनिटास करावयाचें कांहीं असेल तर करितो, आणि पुन्हां निजतो.

हा चाकर आज्ञाधारक आहे, पण विचारी नाहीं. सांगितलेली वेळ तो चुकवीत नाहीं, आणि न सांगितलेलें कांहींहि तो समजून घेत नाहीं. त्या वेळीं यंत्रच बंद असेल तर राहिलेलें काम तो मागाहून भरून काढीत नाहीं. हुकलें तें हुकलें. तेव्हां त्याच्याकडून काम घेण्याचें सारें कौशल्य दोन गोष्टींत आहे: वेळ पुरी सांगणें, आणि तो गप्प झाला तर तें आपल्याला कळेल अशी तजवीज करणें. पहिली गोष्ट लोक कशी तरी शिकतात. दुसरीकडे सहसा कोणी पाहत नाहीं, आणि घात होतो तो तेथें.

सीपॅनेल हें १९९६ पासून चालत आलेलें कंट्रोल पॅनेल पुष्कळ होस्टिंग कंपन्या देतात, म्हणून त्याचेंच उदाहरण घेऊं. आंत शिरल्यावर ॲडव्हान्स्ड या विभागांत क्रॉन जॉब्स असें चित्र दिसेल. तें उघडलें कीं प्रथम ईमेलच्या पत्त्याचा रकाना लागतो. त्याविषयीं पुढें सविस्तर बोलूं. तूर्त एवढेंच सांगतों कीं, तो रकाना कोरा ठेवूं नये. त्याखालीं नेहमींच्या वेळांची तयार यादी, मग मिनिट, तास, तारीख, महिना व वार असे पांच रकाने, आणि शेवटीं आज्ञा लिहिण्याची जागा. पंचांगाचींहि अंगें पांचच. पण त्यांतला वार तेवढा या पांचांत आला आहे, तिथि, नक्षत्र, योग आणि करण येथें नाहींत. ही गोष्ट आपल्या घरांच्या दृष्टीनें लहान नव्हे.

मिनिटें ० ते ५९, तास ० ते २३, तारखा १ ते ३१, महिने १ ते १२ आणि वार ० ते ६. रविवार हा शून्य. ज्या रकान्यांत तारका लिहावी तेथें 'प्रत्येक' असा अर्थ होतो. मिनिटाच्या जागीं ३०, तासाच्या जागीं ६ आणि बाकी तीन ठिकाणीं तारका लिहिल्या कीं रोज सकाळीं साडेसहास काम होईल. अंक मात्र इंग्रजी आंकड्यांतच टंकावे लागतात. स्वल्पविरामानें अनेक वेळा सांगतां येतात, आडव्या रेघेनें 'पासून पर्यंत' सांगतां येतें, आणि तारका, तिरकी रेघ व १५ असें लिहिलें कीं दर पंधरा मिनिटांनीं, असा अर्थ होतो.

येथें एक गंमत आहे, ती शिक्षकी पेशाच्या माणसास सोडवत नाहीं. घटिका २४ मिनिटांची. दर घटिकेस काम व्हावें म्हणून कोणीं मिनिटाच्या रकान्यांत तारका, तिरकी रेघ व २४ लिहिलें, तर काम ०, २४ आणि ४८ व्या मिनिटास होतें. पण पुढचें काम चोवीस मिनिटांनीं न होतां बारांतच, नव्या तासाच्या शून्य मिनिटास होतें, कारण ही मोजणी दर तासास नव्यानें सुरू होते. साठास जी संख्या निःशेष भागते तिचेंच अंतर सारखें राहतें. घटिकाच पाळावयाची असेल तर दोन ओळी लिहाव्या लागतात: सम तासांस ०, २४, ४८ आणि विषम तासांस १२, ३६. दोन तासांत पांच घटिका काटेकोर बसतात. घरांतील पांचवी-सहावीच्या मुलांस हें उदाहरण घालून पाहावें.

दोन खळगे मात्र गमतीचे नाहींत. महिनाअखेरचें काम म्हणून तारखेच्या रकान्यांत ३१ लिहिलें, तर तें वर्षांतून सातच वेळां होईल. उरलेल्या पांच महिन्यांत ती तारीखच उगवत नाहीं. दुसरा खळगा अधिक फसवा आहे. महिन्याचा दुसरा शनिवार नेहमीं ८ ते १४ या तारखांत पडतो, म्हणून तारखेच्या रकान्यांत ८ ते १४ आणि वाराच्या रकान्यांत ६ लिहिलें कीं दुसरा शनिवार साधला, असें कोणासहि वाटेल. इतर रकान्यांत अटी एकत्र पाळल्या जातात. पण तारीख व वार हे दोन्ही रकाने भरले असतां यंत्र 'आणि' असें न वाचतां 'किंवा' असें वाचतें. परिणामीं ८ पासून १४ पर्यंत रोज, आणि शिवाय प्रत्येक शनिवारीं काम होतें. एका वाचकांच्या कुलमंडळाच्या सभेचें निमंत्रण याच कारणानें एका महिन्यांत दहा वेळां गेलें, आणि दहाव्या खेपेस एका वयोवृद्ध काकांनीं 'सभा एकच आहे ना?' असें उत्तर धाडलें. यावर उपाय असा कीं, क्रॉनला केवळ शनिवार सांगावा, आणि आज तारीख ८ ते १४ मधली आहे कीं नाहीं हें पाहण्याचें काम आज्ञेच्या आंत ठेवावें.

हीच युक्ति तिथीसाठींहि लागते. पुण्यतिथि, संकष्टी, एकादशी यांपैकीं कांहींच या पांच रकान्यांत मांडतां येत नाहीं. तिथि चंद्रसूर्यांच्या अंतरावर चालते, तिचा क्षय होतो, वृद्धि होते. आणि २०२३ मध्यें श्रावण दोन आले तसा अधिक मास आला कीं इंग्रजी तारखेचा कोणताहि ठोकताळा कामास येत नाहीं. आजोबांचें श्राद्ध गेल्या वर्षीं ज्या तारखेस आलें तीच तारीख यंत्रांत घालून निश्चिंत झालेलीं घरें आम्हांस ठाऊक आहेत. एकाच वर्षानें त्यांची निश्चिंती संपली. योग्य रीति ही कीं, पाडव्यास नवें पंचांग घरांत आलें म्हणजे त्यावरून वर्षाच्या लागणाऱ्या तिथि व त्यांच्या तारखा यांचें एक कोष्टक करून संकेतस्थळावर ठेवावें. क्रॉननें रोज सकाळीं तें उघडून पाहावें, आणि आठ दिवसांवर कांहीं येत असेल तर पत्र धाडावें. पंचांग पाहण्याचा नेम तेवढा यंत्रास द्यावा. कोष्टक करणें हें मात्र घरांतल्या जाणत्या माणसाचें काम, आणि तें करितांना मुलांस शेजारीं बसवून घेतलें तर तिथि म्हणजे काय हें त्यांस कळेल, हा वरचा लाभ.

आतां वेळ कोणाची, हा प्रश्न. सर्व्हर ज्या देशांत ठेवला असेल तेथलें, किंवा यूटीसी म्हणून जी जागतिक प्रमाणवेळ आहे तिचें घड्याळ तो पाळतो. आपली वेळ तिच्यापुढें साडेपांच तास आहे. तेव्हां आपल्या सकाळीं सहास पत्र निघावें अशी इच्छा असेल, आणि सर्व्हर यूटीसीवर चालत असेल, तर मिनिट ३० व तास ० लिहावें लागेल. पहाटे पांच म्हटलें तर तेथें आदल्या दिवसाचे रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात. म्हणून आपल्या सोमवारच्या पहाटेचें काम रविवारच्या शून्यावर घालावें लागतें. आमच्या वडीलधाऱ्यांस हें सांगितलें असतें तर त्यांस मुळींच नवल वाटलें नसतें. १९०६ मध्यें हिंदुस्थानास एक प्रमाण वेळ लावून देण्यांत आली, तरी मुंबईनें आपली ३९ मिनिटें मागची वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती. 'कोणत्या घड्याळाचे?' हें विचारल्यावांचून त्या काळीं कोणी गाडीस निघत नसे.

सर्व्हर अमेरिकेंतल्या स्थानिक वेळेवर असेल तर आणखी एक भानगड आहे. तेथें मार्चच्या दुसऱ्या रविवारीं घड्याळें तासभर पुढें सारतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारीं मागें घेतात. न्यूयॉर्कच्या घड्याळानें रात्रीं साडेसातास लावलेलें पत्र हिवाळ्यांत आपल्याकडे सकाळीं सहास येतें, तर उन्हाळ्यांत पांचास. शिवाय त्या मार्चमधील रविवारीं दोन ते तीन हा तास उगवतच नाहीं, आणि नोव्हेंबरांत एक ते दोन हा तास दोनदां येतो. महत्त्वाचें काम तेथल्या घड्याळाच्या एक ते तीनच्या दरम्यान कदापि ठेवूं नये. आपला सर्व्हर कोणतें घड्याळ पाळतो हें जाणण्याची सोपी तोड अशी: तारीख-वेळ छापणारी, 'डेट' नांवाची एक शब्दाची आज्ञा क्रॉनमध्यें पांच मिनिटांच्या अंतरानें लावावी. तिचें उत्तर ईमेलनें येईल. तें आपल्या मनगटावरील घड्याळाशीं ताडून पाहावें, आणि मग ती आज्ञा आठवणीनें काढून टाकावी. न काढल्यास एका दिवसांत २८८ पत्रें जमतील.

आज्ञेविषयीं थोडक्यांतच सांगतों. क्रॉनला पत्ता पुरा द्यावा लागतो. 'मारुतीच्या देवळामागें, पिंपळासमोर' एवढ्यावर आपला पोस्टमन पत्र पोंचवितो, हा परका माणूस पोंचवीत नाहीं. पीएचपीचा कार्यक्रम चालवावयाचा तर पीएचपी कोठें आहे तो सबंध मार्ग आणि कार्यक्रमाची फाईल कोठें आहे तो सबंध मार्ग, दोन्ही मुळापासून लिहावे. हातानें चालविलेली आज्ञा चालते आणि क्रॉनमध्यें घातलेली तीच चालत नाहीं, या तक्रारीचें मूळ बहुधा येथेंच सांपडतें. नाहीं तर तें शेंकड्याच्या चिन्हांत असतें: फाईलच्या नांवांत तारीख यावी म्हणून तें चिन्ह वापरतात, पण क्रॉन तेथें ओळ तोडतो. त्याच्यापूर्वीं उलटी तिरकी रेघ द्यावी. आणखी एक. सर्वांचीं कामें तासाच्या ठोक्यास लागलेलीं असतात, म्हणून त्या मिनिटास सर्व्हरावर गर्दी होते. आपण सतरावें किंवा एकेचाळिसावें असें आडमार्गाचें मिनिट घ्यावें.

वर्डप्रेसवर संकेतस्थळ चालविणाऱ्यांनीं हें जाणून असावें कीं, वर्डप्रेसचा स्वतःचा क्रॉन हा खरा क्रॉन नव्हे. कोणी पान उघडलें तरच तो आपली यादी पाहतो. म्हणजे नित्यकर्म त्यानें नैमित्तिकावर टांगलेलें असतें. मोठ्या वर्तमानपत्रास तें चालतें, कारण तेथें क्षणोक्षणीं कोणी ना कोणी येतो. कुलवृत्तांताच्या पानावर चार चार दिवस कोणी फिरकत नाहीं, आणि मग चतुर्थीचें पत्र सप्तमीस निघतें. तो अंतर्गत क्रॉन बंद करून पॅनेलांतून खरा लावावा.

आतां त्या ईमेलच्या रकान्याकडे येतों. क्रॉननें चालविलेली आज्ञा जें कांहीं बोलेल, मग तो हिशेब असो कीं तक्रार, तें सर्व त्या पत्त्यावर जातें. पुष्कळ जण दुसऱ्याची आज्ञा उतरून घेतात. तिच्या शेवटीं सर्व बोलणें शून्यांत टाकणारें एक शेंपूट असतें, तेंहि अर्थ न पाहतां उतरतात. काम मोडलें तरी मग आवाज होत नाहीं. दुसरे कांहीं जण केवळ चूक झाल्यास पत्र यावें अशी योजना करितात. ही योजना शहाणपणाची दिसते खरी. पण पत्र आलें नाहीं, याचा अर्थ काम नीट झालें असा घ्यावा कीं काम करणाराच मेला असा घ्यावा?

आमच्या परिचयाच्या एका घराण्यानें आपला छापील कुलवृत्तांत संकेतस्थळावर आणला होता. एका नातीनें आपल्या आजींकडून जुन्या वाड्याच्या, दुष्काळाच्या, बाळंतपणांच्या, माहेरच्या नदीच्या आठवणी ऐकून दोन वर्षें वह्यांत उतरल्या, आणि मग त्या एक एक करून संकेतस्थळावर चढविल्या. रोज रात्रीं सर्व माहितीची एक प्रत काढण्याची आज्ञा क्रॉनमध्यें होती, ती बिनचूक होती. परंतु जुन्या प्रती काढून टाकण्याची योजना कोणीं केली नव्हती. प्रती सांचत गेल्या, भाड्यानें घेतलेली जागा एके रात्रीं भरली, आणि त्या रात्रीपासून क्रॉन रोज शून्य आकाराची फाईल नित्यनेमानें निर्माण करूं लागला. तक्रारीचीं पत्रें घराण्याच्या एका जांवयांच्या कचेरीच्या पत्त्यावर जात होतीं, आणि ती नोकरी त्यांनीं केव्हांच सोडली होती. चौदा महिन्यांनीं होस्टिंग कंपनीच्या यंत्राची तबकडी बिघडली. कंपनीनें नियमांच्या कलमाकडे बोट दाखविलें; प्रत ठेवणें ही ग्राहकाची जबाबदारी, असें त्यांत लिहिलेलेंच होतें. घराण्याच्या हातीं चौदा महिन्यांपूर्वींची प्रत राहिली. आजींच्या आठवणींतील पहिल्या अकरा तींत होत्या, पुढच्या तीस नव्हत्या. वह्या 'आतां सर्व चढलें' म्हणून रद्दींत गेल्या होत्या. आजीहि तोंवर राहिल्या नव्हत्या. त्या नातीनें आठवून आठवून पुन्हां सहा लिहिल्या; ती सांगते कीं प्रसंग आठवतात, पण आजींचें बोलणें आठवत नाहीं.

यांत चाकराचा दोष कोणता? त्यास प्रत काढ म्हणून सांगितलें होतें, प्रत वाच म्हणून सांगितलें नव्हतें. म्हणून आमची आग्रहाची सूचना आहे कीं, प्रत काढणाऱ्या आज्ञेनें दररोज एक ओळ लिहून पाठवावी: आजच्या प्रतीचा आकार इतका, कालच्या प्रतीचा इतका, जागा उरली इतकी. हें पत्र एका माणसाच्या खासगी किंवा कचेरीच्या पत्त्यावर न जातां घराण्याच्या सामाईक पत्त्यावर जावें, आणि तें पाहण्याची पाळी घरांतल्या माणसांनीं वांटून घ्यावी. एकत्र कुटुंबांत पाण्याच्या, पूजेच्या पाळ्या असतात, तशी ही. सकाळीं पत्र दिसलें नाहीं तर त्याच दिवशीं विचारपूस करावयाची, एवढेंच पाळीवाल्याचें काम. त्यास संगणकाचें ज्ञान लागत नाहीं, आमच्या ओळखीच्या एका घरीं तें काम चौऱ्याऐंशी वर्षांच्या आजी करितात. सात दिवसांच्या सात व बारा महिन्यांच्या बारा प्रती ठेवून बाकीच्या काढून टाकाव्या. प्रती पब्लिक-एचटीएमएल या फोल्डराच्या बाहेर असाव्या, नाहीं तर घराण्याचे पत्ते व दूरध्वनि जगांत कोणासहि उतरून घेतां येतील. आठवड्यांतून एकदां एक प्रत घरच्या संगणकावर आणावी. ज्या घरास आग लागण्याचें भय त्याच घराच्या माळ्यावर दस्तऐवजाची नक्कल ठेवण्यांत काय अर्थ? आणि वर्षांतून एकदां, आम्ही खंडेनवमी सुचवितों, एखादी प्रत प्रत्यक्ष उघडून त्यांतलें एखादें पान वाचून पाहावें. त्या दिवशीं आपण हत्यारें पुसूनच ठेवतों.

शेवटीं एका वाचकांच्या शंकेचें उत्तर. होस्टिंगची वर्गणी भरण्याचें स्मरणहि क्रॉननेंच द्यावें काय, असें त्यांनीं विचारलें आहे. देऊं द्यावें, पण तेवढ्यावर विसंबूं नये. वर्गणी थकून खातें बंद पडलें म्हणजे क्रॉनची यादीहि त्याबरोबर थांबते, आणि स्मरण देणाराच उरत नाहीं. ती तारीख स्वयंपाकघरांतील भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत, गॅसच्या नळकांड्याच्या नोंदीशेजारीं, शाईनें लिहून ठेवावी.